टाकळकर सर आणि चुकीची ओळ

टाकळकर सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या ग्रुपवर सकाळी आला आणि दुपारपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. त्यातच कुणीतरी शहाण्यानं सरांचा फोटो, खाली तेवती समई आणि मागं ‘थांब जराशी’ हे गाणं, असा व्हिडिओ करून टाकला. गाणं चांगलंच आहे. आमच्या परभणी जिल्ह्यात ते न वाजता लग्न लागत नाही. पण त्यातली एक ओळ चुकीची आहे. म्हणजे सरांच्या मते चुकीची आहे. ती ओळ वाजत होती आणि फोटोतले सर समोर रोखून बघत होते. तिरडीवरून उठता येत असतं तर ते नक्की उठून बसले असते, व्हिडिओ कुणी केला त्याचं नाव विचारलं असतं, आणि मगच पुन्हा आडवे झाले असते.

नाव विचारल्याशिवाय ते राहिले नसते. कारण एकदा कळलेलं नाव ते विसरत नसत.

मी जिंतूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी मला सल्ला मिळाला, “मॅडम, कुणाशीही भांडा, टाकळकरांशी नको.” मी म्हटलं, लय रागीट आहेत का? तर सगळे हसले. रागीट माणूस परवडतो, म्हणाले, तासाभरात विझतो. टाकळकर सर चिडतच नसत. ते डूख धरत. फिजिक्सचा माणूस, हिशेबाला पक्का. किरकोळ अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या कपाळाकडं बघायची सवय. आपल्या कपाळावर काहीतरी लिहिलंय आणि सर ते पाठ करताहेत, असं वाटायचं.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. “न्यूटन म्हणतो, क्रियेला प्रतिक्रिया लगेच येते. न्यूटन जिंतूरचा नव्हता. आपल्याकडं प्रतिक्रियेला जरा टाइम लागतो, पण येते.”

चहाचंच घ्या. बसस्टँडजवळ गणपतरावाचं हॉटेल आहे. सर नोकरीला लागल्याच्या सुमाराला एकदा तिथं चहा सांगून बसले होते. तेवढ्यात फौजदार आले, आणि गणपतरावानं सरांसाठी ओतलेला कप उचलून फौजदारापुढं ठेवला. झालं. सर उठले, रस्ता ओलांडून समोरच्या बाबूभाईच्या टपरीवर गेले. त्या दिवसापासून रोज कॉलेज सुटल्यावर ते बाबूभाईकडं चहा घेत, आणि घेताना तोंड गणपतरावाच्या हॉटेलकडं करून उभे राहत. शेवटचा घोट घेईपर्यंत नजर हलत नसे. गणपतराव आधी हसला, मग वैतागला, मग एकदा रस्ता ओलांडून हात जोडून आला. “सर, चुकलं. या की आता हिकडं. तुमी असं बघायलाव तर माझ्या हातून दूध उतू जायलंय.”

“जाऊ द्या,” सर म्हणाले, आणि बाबूभाईला आणखी एक कट चहा सांगितला.

पुढं गणपतराव थकला, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसला, हॉटेलला नवी फरशी आली. मी म्हटलं, सर, आता तर माणूसच बदलला. सर म्हणाले, “माणूस बदलला असंल मॅडम. भट्टी तीच हाय.”

दुसरी गोष्ट टाळीची. एका प्राचार्यांनी सरांना मेव्हण्याच्या लग्नाला रजा नाकारली होती. त्यानंतर त्या प्राचार्यांच्या प्रत्येक भाषणाला सर पहिल्या रांगेत मधोमध बसायला लागले. भाषण संपलं की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट, आणि सरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या मूर्तीचे असावेत तसे. प्राचार्यांचा निरोप समारंभ झाला, माणूस गहिवरून बोलला, बायका डोळे पुसत होत्या, आणि प्राचार्य मात्र सारखे त्या दोन हातांकडं बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “त्यानं एक टाळी वाजवली असती तर काय बिघडलं असतं हो?” रजा दिली असती तर काय बिघडलं असतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण ही सगळी भातुकली. सरांचा खरा डूख एकाच माणसावर होता. त्याचं नाव भारत.

भारत चारठाण्याजवळच्या एका वस्तीवरचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. परभणीत शिकताना सर आणि भारत एकाच खोलीत भाड्यानं राहत. सरांकडं गिटार होती, भारतकडं गळा. दोघं एका ऑर्केस्ट्रात लग्नाच्या आणि गणपतीच्या सुपाऱ्या वाजवत फिरायचे. एकदा परभणीच्या टॉकीजला हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा लागला. अंतराळाचा. त्यात एक माणूस बायकोला दारात सोडून, प्रकाशाच्या वेगानं पळणाऱ्या यानातून एका ताऱ्याकडं जातो. त्याच्या घड्याळात थोडीच वर्षं जातात. तो परत येतो तेव्हा हाय तसाच तरणा असतो, आणि दारात बसलेली बायको पार म्हातारी झालेली असते. आदल्या रात्रीच्या सुपारीच्या जागरणानं भारत पेंगुळलेला होता, तो इंटरव्हलनंतर खुर्चीतच झोपून गेला. खोलीवर येताना सरांनी त्याला शेवट सांगितला. आणि नंतरच्या काही दिवसांत त्या सिनेमावरनं सरांनी एक गाणं केलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची.

थांब जराशी, जाऊन येतो, ताऱ्यांपल्याड जाऊन येतो
येईन तेव्हा तसाच असेन, केस तुझे गं पिकले असतील

याला कुणी भावगीत म्हटलेलं सरांना खपत नसे. “सॉफ्ट रॉक हाय ते,” ते सांगत. आमचे भूगोलाचे सर त्यावर मुद्दाम विचारत, “रॉक मंजे खडक ना? मग मऊ खडक मंजे मुरूमच की!” भूगोलाच्या सरांची पेन्शनची फाईल पुढं कमिटीपुढं आली, आणि कमिटीत टाकळकर सर होते. फाईलमधल्या प्रत्येक स्वल्पविरामावर त्यांनी शंका काढली, एवढंच सांगते.

ते गाणं सरांनी आयुष्यात एकदाच चारचौघांत म्हटलं, परभणीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला. समोर सेलूची सुनंदा बसली होती, तिच्यासाठी. पुढं त्याच सुनंदाशी लग्न झालं. जिंतूरला नोकरी लागली, गिटार माळ्यावर गेली. भारत मुंबईला गेला. आणि काही वर्षांनी सरांच्या मेव्हण्याच्या लग्नात (रजा न मिळालेलं तेच लग्न, सर तसेच गेले होते) मांडवातल्या स्पीकरवर ते गाणं लागलं. गायक, गीतकार, संगीतकार : राजभारत. भारतनं आता नावाला ‘राज’ जोडला होता, आणि एक ओळ फिरवली होती.

येईन तेव्हा पिकून येईन, तशीच तू गं बसली असशील

सर भर मांडवात उठून म्हणाले, “हे गाणं माझंय.” सासरची मंडळी हसायला लागली. लग्नाआधी सुनंदासाठी गाणं केल्याचं त्यांनी ऐकलं होतं. आता त्यांना वाटलं, जावयानं कुणाचं तरी गाणं आपलं म्हणून ठोकून दिलं आणि आज बिंग फुटलं. पुढचा अधिक महिना आला. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि मेव्हण्यानं मुद्दाम टेपवर ते गाणं लावलं. म्हणाला, “दाजी, तुमचंच गानं लावलंय, जेवा आता.” घरातल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. सासूबाईही हसल्या.

सरांनी ताट सरकवलं. ताक-भात मागितला. धोंड्याला बसलेल्या जावयानं धोंडा शिवू नये, ही सासरच्यांना चारचौघांत लागलेली थप्पडच. त्यानंतर प्रत्येक अधिक महिन्यात सर अगदी वेळेवर सेलूला जात, पाटावर बसत आणि ताक-भात खाऊन येत. न जाण्यापेक्षा हे वाईट होतं. सुनंदावहिनी एकदा मला म्हणाल्या, “माझ्या मायनं प्रत्येक बारीला पुरण शिजवायचं अन् ह्यांनी ते नुसतं बघायचं. दोघंबी इरेला पेटलेले. मधी मी मेले.”

वहिनी स्वभावानं मोकळ्या, कामं करताना गुणगुणायच्या. एकदा मी त्यांच्याकडं गेले होते. त्या आत भाकरी थापत होत्या आणि थापता थापता ते गाणं गुणगुणत होत्या. रेडिओवर, रस्त्यावर जसं ऐकू येतं तसंच, भारतच्या ओळीनं. बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज आला, “सुनंदा! लाईन!” भाकरी थापणं थांबलं. मग वहिनींनी ओळ बदलून म्हटली. सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. ज्या बाईसाठी गाणं केलं तिच्याच तोंडी चोराची ओळ बसली होती, आणि त्याचं सरांना किती दुखायचं ते मला तेव्हा समजलं.

“नाव खोडलं ते एक वेळ सोडून दिलं असतं,” सर म्हणायचे. सोडून दिलं नसतं, पण म्हणायचे. “पण फिजिक्सचा खून केलाय मॅडम त्यानं. जो गेला तो म्हातारा होतच न्हाई. जो थांबला तो होतो. अख्खं गाणंच त्याच्यावर उभंय. आता सारा जिल्हा उलटं गायलाय.”

हा खून थांबवायला त्यांनी एकदा भर रस्त्यात प्रयत्नही केला. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न चारठाण्याला होतं. सकाळी नवरदेवाची परण्या निघाली होती. म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, ती. बँडवाल्यांनी गाणं धरलं, गाड्यावर बसलेला गायक त्या ओळीवर आला, आणि सरांनी वर्गात दंगा थांबवायला करावा तसा हात वर केला.

“बंद करा. लाईन चुकली.”

मास्तरचा हात बघून बँड खरंच थांबला. आमच्याकडं अजून एवढा धाक शिल्लक आहे.

“कोन्ती लाईन, सर?” गायक.

“पिकून येईन, ती. आता बघा. समजा, हा नवरदेव घोड्यावर बसून प्रकाशाच्या वेगानं निघाला...”

“ह्या घोड्यावर?” घोडेवाला.

“समजा म्हणलो ना! निघाला. ताऱ्यापर्यंत गेला अन् परत आला. तर हा राहील असाच. अन् मांडवात बसलेली नवरी झालेली असंल म्हातारी. दात पडलेली.”

नवरदेवाचा मामा पुढं आला. “ओ मास्तर, लग्नाच्या दिशी आमच्या नवरीचे दात काहून पाडायलाव?” कुणी म्हणालं, सकाळीच घेतली दिसते. नवरदेव बिचारा बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला करून विचारत होता की मी नक्की कुठं चाललोय. मुहूर्त टळायला लागला तशी मी आणि क्लार्क मिळून सरांना बाजूला नेलं. बँड पुन्हा सुरू झाला, तीच ओळ, आणि आता सगळी मिरवणूक मुद्दाम सरांकडं बघून ती म्हणायला लागली. सर भर उन्हात उभे राहून एकेकाचं कपाळ बघत होते.

तर अशा माणसाच्या रिटायरमेंटच्या वर्षी आमच्या नव्या प्राचार्यांना बुद्धी झाली, आणि त्यांनी गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून गायक राजभारत यांना बोलावलं. तालुक्याचं नाव काढलेला माणूस, असं त्यांचं म्हणणं. स्टाफ मीटिंगमध्ये विषय निघाला आणि सगळ्यांच्या नजरा एका खुर्चीकडं गेल्या. सर शांत होते. म्हणाले, “पाहुण्यांचा परिचय मी करून देतो.”

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मराठीवाल्यांच्या नशिबी ते असतंच. मी त्यांना व्हरांड्यात गाठून विचारलं, “सर, नक्की काय करणार आहात?”

“प्रतिक्रिया,” सर म्हणाले.

गॅदरिंगच्या दिवशी मंडप पोरापोरींनी गच्च भरला होता. भारत आला. जाडसर, केस काळे केलेले, गळ्यात मफलर, पण वागायला साधा. सोबत त्याची आई होती, गयाबाई. हिरवं नवं लुगडं, चेहऱ्यावर सुरकुत्यांची जाळी, पाठ पार वाकलेली. भारतनं तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत सेलूचा मेव्हणाही होता. सरांनी त्याला खास निमंत्रण धाडलं होतं. सुनंदावहिनी त्याच्या शेजारी, मान खाली घालून. भारत सरांना बघून पुढं झाला, “वसंता...” एवढंच म्हणाला. सरांनी त्याच्या कपाळाकडं बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मी नाव पुकारलं. सर माईकपाशी आले. कागद नव्हता. परिचयाला त्यांनी सुरुवातच अशी केली, “पाहुणे राजभारत यांचा मी करून देतो तो परिचय असा, की हे चोर आहेत.”

प्राचार्यांचा हात पाण्याच्या ग्लासकडं गेला. सर वर्गात बोलतात तसंच बोलत होते, आवाज न चढवता. गाणं कुठं केलं, कशावरनं केलं, कुणासाठी केलं, सगळं क्रमानं सांगितलं. मग म्हणाले, “पुरावा विचाराल. पुरावा गाण्यातच हाय. हे गाणं ज्या सिनेमावर केलंय, त्यात गेलेला माणूस तरणा राहतो. ज्यानं सिनेमा पाहून गाणं केलं, त्याच्या हातून ही ओळ लिहिलीच जाणार न्हाई. ही ओळ त्यानं लिहिली, जो अर्ध्या सिनेमाला झोपला होता. चोरी करताना घरात अंगठ्याचा ठसा राहतो ना, तसा हा ठसा हाय. पिकून येईन! कोण पिकून येतं? जातो तो कधी म्हातारा होतो का?”

एवढ्या वर्षांचं सगळं त्या एका प्रश्नात होतं. सरांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं सुख होतं. मला खोटं बोलायचं नाही, मलाही सुख झालं. मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

भारत उठला. मला वाटलं आता जाणार, किंवा आरडाओरडा करणार. तो दुसऱ्या माईकपाशी आला.

“सर खरं बोलायलेत,” तो म्हणाला. “शब्द त्येंचे, चाल त्येंची. नाव मी खोडलं. कंपनीवाले म्हनले, एकच नाव पायजे, मी माझं दिलं. पाप केलं. पर ती एक लाईन माझी हाय. अन् झोपेत न्हाई केली.” त्यानं पहिल्या रांगेकडं हात केला. “माझी माय दर दसऱ्याच्या मागं कारखान्यावर जायची ऊस तोडाया. मला आजीपाशी ठिवायची. पाडव्याला यायची तव्हा मला वळखू यायची न्हाई. केस उडालेले, हाताला घट्टे, काळी पडलेली. दर साली जरा जास्तीच म्हातारी होऊन यायची. मी अंगनात हाय तसाच. सरनी मला सिनेमाचा शेवट सांगितला का जानारा तरनाच येतो. मी म्हनलं, ह्ये कसं होईल? आमच्या वस्तीवर तर जो जातो त्योच म्हातारा होऊन येतो. मला वाटलं सरचंच चुकलंय. म्हनून मी दुरुस्त केलं.”

गयाबाईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला. आणि मग मंडपात टाळ्या सुरू झाल्या. आमच्या कॉलेजातली निम्मी पोरं ऊसतोडीच्या घरातली. ती उभी राहून टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, रडत होती. सर माईकवर म्हणत होते, “पण चोरी ती चोरीच! ऐका, चोरी ती चोरीच!” मी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. प्राचार्यांनी भारतला मिठी मारली. मेव्हणा टाळ्या वाजवत होता. सुनंदावहिनींनी तर गयाबाईचा हात धरला होता.

सर खाली येऊन खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

कार्यक्रम संपल्यावर ते मला गेटजवळ सापडले. मी म्हटलं, “सर, झालं की. सगळ्यांसमोर कबूल केलं त्यानं. मेव्हण्यासमोरसुद्धा.”

“मॅडम,” सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कपाळाकडं न बघता डोळ्यांत बघितलं, “आधी गाणं नेलं त्यानं. आज बदलाबी नेला.”

खरंच होतं ते. इतकी वर्षं जपून ठेवलेला सूड त्यांनी मंडपात आणला आणि टाळ्या चोराला पडल्या. चोरानं खरं सांगितलं एवढंच त्याचं भांडवल. मला भारतचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माणसानं चोरी करावी, पण वर इतकं चांगलं बोलू नये.

भारत कबुलीला जागला. महिन्याभरात इंटरनेटवर गाण्याखाली नाव आलं, गीत-संगीत : वसंत टाकळकर. मी पेढे घेऊन सरांकडं गेले, तर सर आणखी पेटलेले. “आता ती चुकीची ओळबी माझ्याच नावावर झाली!” ते म्हणाले. “माझे जुने विद्यार्थी फोन करायलेत, सर, तुमी फिजिक्सवाले असून असं कसं लिहिलं म्हणून. नाव दिलं ते बी असं दिलं!” भारत एकदा आईला घेऊन घरी आला. वहिनींनी चहा केला, गयाबाईची ओटी भरली. सर तेवढा वेळ मागच्या अंगणात जांभळाच्या झाडाला पाणी घालत होते. पाणी गल्लीत वाहत गेलं तरी घालत होते. पुढच्या अधिक महिन्यात सेलूहून मेव्हणा स्वतः बोलवायला आला, चुकलं म्हणाला, पाया पडला. सर गेले. सासूबाईंनी धोंडे वाढले. सरांनी ताक-भात खाल्ला.

रिटायर झाल्यावर त्यांना पुण्याला मुलाकडं जावं लागलं. सूनबाई आणि मुलगा दोघं नोकरीला, नातू लहान. खरं तर आजीनं जायचं, पण सासूबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि वहिनींनी त्यांना जिंतूरला आणून ठेवलं होतं. म्हणून सर गेले, वहिनी थांबल्या. जाताना सर म्हणाले, “जाऊन येतो.” मी हसले. ते हसले नाहीत.

दीड-दोन वर्षं ते तिकडं होते. मध्ये कधी आले नाहीत. या उन्हाळ्यात मी बसस्टँडवरून चालले होते, तर बाबूभाईच्या टपरीपाशी एक म्हातारा उभा दिसला. शर्ट खांद्यावरून लोंबणारा, गाल आत गेलेले, काठी. हातात कट, आणि तोंड गणपतरावाच्या हॉटेलकडं. त्या नजरेवरून ओळखलं, नाहीतर ओळखलं नसतं.

“सर! कधी आलात?”

“कालच.” समोरचे दात गेले होते, शब्दांतून हवा जात होती. “तिथं करमत न्हाई मॅडम. सातव्या मजल्यावर दिवस कसा काढायचा? नातू झोपला की मी खिडकीपाशी. किती मोठा दिवस असतोय तिथला.”

मी विचारलं, वहिनी कशा आहेत?

सर म्हणाले, “सुनंदानं दार उघडलं अन् बघतच राहिली. म्हणली, काय हो ही अवस्था. ती मात्र हाय तशीच हाय. एक केस इकडचा तिकडं न्हाई. भाकरी थापायली होती, हाताला पीठ.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मी खुर्चीत बसलो. आत ती गाणं म्हणायली होती. ती ओळ आली. मी लाईन म्हणून ओरडलो न्हाई.”

रस्त्यावरून एक एसटी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सर तिच्याकडं बघत राहिले.

“फिजिक्स चुकत नसतंय,” सर म्हणाले. “पण आपण कुठं प्रकाशाच्या वेगानं गेलतो. आपण एसटीनं गेलतो. भारत्याची ओळ बरोबर हाय मॅडम. जातो त्योच म्हातारा होतो.”

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी काठी वर करून मला थांबवलं. जुने सर, वर्गातले.

“पण हे त्या भारत्याला सांगायचं न्हाई. मी मेल्यावरबी न्हाई. शब्द द्या.”

मी शब्द दिला. त्यांनी चहा संपवला, गणपतरावाच्या पोराकडं एकदा डोळे भरून बघितलं आणि काठी टेकत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. महिन्याभरात तो निरोप आला.

तेराव्याला भारत आला होता. मंडपात सगळ्यांच्या मागं, चपलांजवळ बसला होता. जेवणं झाली आणि मी निघाले तसा तो माझ्यामागं बसस्टँडपर्यंत आला. केसांचा काळा रंग उतरला होता, खाली सगळे पांढरे.

“मॅडम, एक विचारू का? तुमच्यापाशी सर बोलायचे. शेवटाला माझ्याबद्दल, त्या ओळीबद्दल काही बोलले का? काहीबी. माझ्या जिवाला लय लागून राहिलंय.”

मी त्याच्याकडं बघितलं. एका वाक्यात त्याचं ओझं उतरलं असतं. त्याचे डोळे भरले होते, आणि तो वाईट माणूस नव्हता, हेही मला माहीत होतं. मी त्याच्या कपाळाकडं बघितलं.

“नाही,” मी म्हटलं. “काही बोलले नाहीत.”

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, “चला, निदान चहा तरी घेऊ,” आणि गणपतरावाच्या हॉटेलकडं वळला.

“तिथं नको,” मी म्हटलं, “समोर घेऊ.”